परत आलेला चेक पुन्हा कोणी भरला?

ते प्रकरण अजूनही माझ्या मनातून जात नाही. मी नववीत शाळा सोडलेला, चंदगडहून येऊन शिपाई म्हणून भरती झालेला माणूस. तेव्हा वसई पूर्वेच्या एका ठाण्यात हवालदार होतो. घरची मंडळी गावी, मी आचोळ्यात एका खोलीत एकटा. एखादा कागद चुकला तर नोकरी जाईल, ही धास्ती कायम असे.

सकाळी सातिवलीचा एक कारखानदार तक्रार अर्ज घेऊन आला. कामगाराला पगाराचा चेक दिला होता. तो बँकेतून परत आल्याचे कळले, म्हणून त्याच संध्याकाळी पगार रोख दिला. दुसऱ्या दिवशी तोच चेक वटला.

"रोख घेतले आणि गुपचूप चेक पुन्हा भरला, हवालदार. चोर आहे तो."

कामगाराला बोलावले. पॅकिंगचे काम करणारा, परभणीकडचा, पस्तिशीचा. चेक एकदाच भरला, परत हातात आलाच नाही, एवढेच तो दोन तास सांगत राहिला. खोटे बोलणारा सहसा गोष्ट बदलत जातो. हा बदलत नव्हता. कुणाला बोलवायचे आहे का विचारले, तर बराच वेळ आठवून म्हणाला, "इथं कुणी नाही, साहेब." मग त्याने मोबाइल पुढे केला. बँकेचा मेसेज इंग्रजीत होता. मला कळला नाही आणि तसे सांगायची लाज वाटली. "राहू दे," म्हणून मोबाइल बाजूला ठेवला.

गुन्हा दाखल झाला असता तर त्याचे काम आणि खोली दोन्ही गेली असती. पण परत हातात न आलेला चेक तो पुन्हा भरणार कसा, हे मला खटकत होते. साहेबांना विचारून बँकेत गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी भरणा स्लिपा तपासल्या, एकच निघाली. चेक कारखानदाराच्या खात्यात पैसे नव्हते म्हणून नव्हे, स्कॅन अस्पष्ट आला म्हणून परत आला होता. अशा तांत्रिक कारणाने आलेला चेक बँक स्वतःच पुढच्या क्लिअरिंगला पुन्हा पाठवते, खातेदाराला फक्त मेसेज जातो.

"मेसेज गेलाय की. वाचला नाही का कुणी?" बाई म्हणाल्या. सकाळी बाजूला ठेवलेला मोबाइल मला आठवला.

चेकची रक्कम कामगाराच्या खात्यात तशीच पडून होती. ती परत मिळाल्यावर शेठने अर्ज मागे घेतला. माफी मात्र मागितली नाही. मी कामगाराला चहा दिला आणि सांगून टाकले, की मेसेज सकाळीच माझ्या हातात होता, मला वाचता आला नाही.

"मला बी नाही आला, साहेब," तो म्हणाला. "पण इथं विचारावं तरी कुणाला?"

त्या बाईंचे उपकार मी विसरलो नाही. पुढे एखादा कागद कळला नाही, तर समोर कोणीही बसलेले असो, कळला नाही असे सरळ म्हणू लागलो. माझी लाज झाकण्यापायी त्या दिवशी एक निर्दोष माणूस आत गेला असता.