पॅलेटवरचा शिक्का

सासूबाईंनी तीस वर्षं गोदामात माल तपासला. लाकडी पॅलेटवर रचलेली खोकी मोजायची, फाटलेली बाजूला काढायची, सही करायची. निवृत्त झाल्यावर त्या घरी आल्या आणि घरातल्यांना वाटलं, आता बाई आराम करतील.

सून तळमजल्यावर पाळणाघर चालवायची. मागच्या अंगणात मुलांसाठी भाजी लावायची तिची फार इच्छा. जमीन सगळी राडारोड्याची, म्हणून लाकडी चौकटी ठोकून त्यांत चांगली माती भरायचं ठरलं. गल्लीतल्या सुतारानं पाडलेल्या घराची दारं-खिडक्या हातगाडीभर आणून दिली. हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले, पण लाकूड दणकट.

"हे नको," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, एवढं चांगलं लाकूड!"

"जुन्या रंगात शिसं असतं. पोपडे मातीत पडणार, आणि तुझी पिल्लं तेच हात तोंडात घालणार."

सुतार हसला. "जन्मभर खोकी मोजलीत, आता लाकडाची नाडी बघता होय?"

सासूबाई दोन पोपडे पुडीत बांधून प्रयोगशाळेत देऊन आल्या. आठ दिवसांनी अहवाल आला. शिसं मर्यादेच्या कितीतरी पट! सुनेनं कागद दोनदा वाचला आणि ती दारं-खिडक्या अंगणाबाहेर ओढायला लागली. सुताराचा चेहरा उतरला. "वीस वर्षं असलेच रंग घासतोय मी..."

"रंग कोरडा घासायचा नाही, ओला करून, तोंडाला चांगला मास्क लावून. आणि उद्याच रक्त तपासून घ्या," सासूबाई म्हणाल्या. त्या आवाजात टोमणा नव्हता.

मग चौकटींसाठी लाकूड शोधायला त्या आपल्या जुन्या गोदामात गेल्या. मागे मोडक्या पॅलेटचा ढीग होता. त्यांनी पदर खोचला आणि एकेक पॅलेट उलटं करून शिक्का वाचायला सुरुवात केली. 'एचटी' म्हणजे नुसतं तापवून कीड मारलेलं, ते घेतलं. 'एमबी' म्हणजे विषारी वायू दिलेलं, ते नाकारलं. शिक्का नाही, तेलाचा डाग आहे, वास येतो? बाजूला! चाळिसांतून अकरा निघाली.

नवे साहेब दारात उभे राहून बघत होते. "बाई, हे शिक्के आमच्यातल्या एकालाही वाचता येत नाहीत. शिकवाल?"

चौकटी सुतारानंच ठोकल्या, रक्ताचा अहवाल बरा आल्याच्या आनंदात, एक पैसा न घेता. तीन महिन्यांत काकड्या चौकटीबाहेर लोंबायला लागल्या, टोमॅटोंना टेकू कमी पडले. मुलं पाटीभर टोमॅटो नळाखाली धुवून मचामचा खायची, अंगभर रस.

आणि दर शनिवारी सकाळी गोदामात वीस-बावीस माणसं पॅलेटभोवती गोळा व्हायची. मधोमध सासूबाई, हातात खडू. सुतार पहिल्या रांगेत, वही उघडून. "हं, सांगा बघू, हे घ्यायचं की टाकायचं?" 'एमबी'च्या शिक्क्यावर खडू टेकवून त्या विचारायच्या, आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "टाकायचं!"