मोरपंखीची तक्रार घेऊन देवदारांच्या दारी

देहरादूनच्या वरच्या डोंगरात, चक्रात्याला जायचं ठरलं ते आमच्या अंगणातल्या मोरपंखीमुळे. लोक बर्फ बघायला जातात, आम्ही झाडाचा इलाज शोधायला निघालो. अयोध्या नगर या आमच्या वस्तीतल्या घरासमोर मुलीने पहिलीत असताना लावलेलं हे झाड. आता ती पुण्यात नोकरीला आहे, पण फोनवर आमच्याआधी त्याचीच चौकशी करते. ते वाळायला लागलं होतं आणि तिला सांगायची आमची हिंमत होत नव्हती.

आमचे हे आयुष्यभर कारखान्यात पाइपांची गळती बंद करत आले. मोरपंखीच्या खोडातून चिकट राळ आली की ती खरवडायची आणि वर सील भरायचं, हा ह्यांचा रविवारचा उद्योग. हिवाळ्यात वरून प्लास्टिक, झाडाला थंडी वाजते म्हणून! मी बोलून बोलून थकले.

देहरादूनपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. भाडं आधीच ठरवा, नाहीतर रिकाम्या परतीचेही पैसे तुमच्याच माथी. घाटात गाडी लागते, लिंबू जवळ ठेवा. ढाब्यावरचा राजमा-भात मात्र झकास. सोबत ह्यांची पुतणी पल्लवी होती. ती देहरादूनला झाडांच्या रोगांवर संशोधन करते, तिनेच देवदार दाखवायला बोलावलं होतं.

देवदारांखाली पोचलो. काय तो वास! मी डोळे मिटले, तोच खरवडण्याचा आवाज आला. देवदाराच्या खोडावरची राळ काढायला ह्यांनी चाकू काढला होता.

"काका, काय करून राहिले तुम्ही?" पल्लवी ओरडली.

"अगं, लीकेज आहे ना!"

"लीकेज नाही, मलम आहे. झाड जखम बुजवतं, किडा-बुरशी त्यातच अडकते. तुम्ही घरी दर रविवारी जखम उघडी करून राहिले!"

"आणि थंडी?"

"दिवस लहान झाले की झाड तयारीला लागतं. पेशींतलं पाणी कमी करतं, साखर वाढवतं, म्हणजे आत बर्फ होत नाही. प्लास्टिकमध्ये उबवलं तर तयारी होईल कशी? वर ओल कोंडते, बुरशीचं फावतं."

घरी येताच मी प्लास्टिक फाडलं. आतल्या फांद्या काळ्या पडल्या होत्या. मला संतापाने रडूच आलं.

काही आठवड्यांनी सीलच्या कडेला राळेचा ताजा थेंब दिसला. हे हात पाठीमागे बांधून उभे होते. "गळून राहिलं," म्हणाले, पण पुढे सरकले नाहीत.

मी मुलीला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी हात लावणं सोडलंय ना? मग वाचेल."