धूर राहिला, बाई गेली

वीणा सबनीसने देवयानीताईंच्या हॉलमधला फोटो चोरला, तोही हळदीकुंकवाच्या दिवशी, जरीची साडी नेसून. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते भाजी घेताना. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा फोटो शालीखालून नेला होता. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत तो पंचकुल्याच्या कुणा वकिलाला विकूनही झाला होता. चंदीगडात आपली माणसं मोजकी, पण बातमीला कुणी उपाशी ठेवत नाही. एरवी मी अशा बातमीला पाट मांडून बसवते. या वेळी मात्र डोकं फिरलं, कारण त्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच सोफ्यावर, मी तिळाचा लाडू फोडत बसले होते.

आधी वीणा कोण ते सांगते. मिरजेची पोर. नवरा प्रसन्न सेक्टर ६७ मधल्या औषधांच्या संस्थेत संशोधन करतो, ही चंदीगडाजवळच्या खरड नावाच्या गावात एका खाजगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. राहतातही खरडलाच, चौथ्या मजल्यावर. फोटो काढणं हा तिचा छंद. अर्थात छंद हा शब्द तिच्यासमोर उच्चारायचा नाही, मी एकदा उच्चारला आणि चहा फार उशिरा मिळाला.

त्या घरात जेवणाच्या टेबलावर प्रिंटर बसतो आणि माणसं जेवतात खाली. प्रिंटर फार दिवस बंद ठेवला तर शाई आतच वाळते, म्हणून दर आठवड्याला काही ना काही छापावंच लागतं. प्रसन्न म्हणतो, "काकू, घरात म्हैस पाळल्यासारखं आहे, धार काढायलाच लागते." वीणा आधी कागदाची नुसती एक पट्टी छापते. ती खिडकीत नेऊन बघते, मग ट्यूबखाली बघते, तोंड वाकडं करते आणि पुन्हा छापते. प्रिंट बेडरूममध्ये वाळतात, आणि वाळेपर्यंत पंखा लावायचा नाही, धूळ चिकटते. हे जूनमध्येसुद्धा! प्रसन्न बनियनवर घामाघूम बसलेला मी पाहिलाय.

हे प्रिंट ती गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या स्टॉलवर विकते. विकते कसली, भांडते. एक बाई येणार, प्रिंट हातात धरणार, "कॅमेरा भारी असेल गं तुझा" म्हणणार. जसं काही कढई चांगली म्हणून भाजी चांगली झाली! दुसरे कुणी साहेब येणार, दोन्ही हात पाठीमागे बांधून सगळं बघणार आणि शेवटी हळूच, "सॉफ्ट कॉपी पाठव ना, आपलीच माणसं आहोत." भेळवाल्याकडे हेच साहेब मुकाट्याने पैसे देतात, त्याला आपला माणूस म्हणत नाहीत. आणि सगळ्यांना फोटो हवेत ते कोकणातल्या समुद्राचे. वीस-वीस वर्षं या गावचं पाणी प्यायलेत, पण या गावातलं काही भिंतीवर नको.

वीणाचा एक नियम आहे. फोटोत माणूस असला तर पहिला प्रिंट त्या माणसाला, मग विक्री. राजराणीचं तसंच झालं. राजराणी म्हणजे देवयानीताईंच्या सेक्टरातली इस्त्रीवाली. रस्त्याच्या कडेला जांभळाखाली तिचं टेबल आणि कोळशाची इस्त्री. जानेवारीतल्या एका सकाळी, दाट धुक्यात, वीणाने तिचा फोटो काढला. सगळं पांढरं, झाडसुद्धा अर्धं पुसलेलं, आणि मधोमध ही बाई इस्त्रीत फुंकर घालतेय, धूर वर चाललाय. मी फोटोंतलं फारसं काही जाणत नाही, पण तो बघून माझे हात गार पडले.

पहिला प्रिंट द्यायला वीणा गेली तेव्हा मी सोबत होते. राजराणीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "और भी छापोगी? बेचोगी?"

"हाँ जी, बेचूँगी."

"तो मैं भी कोठी में टँगूँगी?" इकडे बंगल्याला कोठी म्हणतात. विचारलं आणि अशी हसली की टेबलावरचे कपडे हलले.

"पक्का," वीणा म्हणाली.

गणपतीत देवयानीताईंना नेमका हाच फोटो आवडला. देवयानीताई म्हणजे डॉक्टर शशिकांतांची बायको. मंडळाच्या महिला विभागाचं सगळं त्यांच्या पदराला बांधलेलं. म्हणाल्या, "धुकं काय गोड आलंय गं! मोठा करून दे, सोफ्याच्या वर लावते. फक्त ती बाई काढून टाक."

"ताई, फोटो तिचाच आहे."

"अगं, सोफ्यावर शोभेल असं हवं ना."

वीणाने नाही म्हटलं. ताई गोड हसल्या, म्हणाल्या, "बरं बाई, तुझंच खरं. तसाच घेते. भिंतीचं माप बघायला तेवढा एक नमुना पाठव मोबाइलवर." वीणाने पाठवला, कोपऱ्यात आपलं नाव घालून. त्यानंतर ताईंचा निरोप नाही की फोन नाही.

मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. वीणा दारातून आत आली आणि तिथेच थांबली. सोफ्याच्या वर, पलंगाएवढ्या कॅनव्हासवर, तोच फोटो. बाजारातून छापून आणलेला. धुकं होतं, जांभूळ होतं, राजराणी नव्हती. टेबलही नव्हतं. धूर मात्र तेवढा राहिला होता, अधांतरी, कुठूनच न निघालेला. आणि खाली कोपऱ्यात ठळक अक्षरांत: वीणा सबनीस.

बायका तिच्याभोवती जमल्या. "किती सुंदर काढलायस गं!" "मलाही असाच दे हं, माझा सोफा मरून रंगाचा आहे."

"ताई, बाई कुठे गेली?" वीणाने विचारलं. आवाज चढवला नाही, पण मी लाडू खाली ठेवला.

"अगं, अपूर्वाने केलं ते फोनवर."

ताईंची कॉलेजात जाणारी लेक मान वरही न करता म्हणाली, "आंटी, मम्मा ने बोला था. दो मिनट का काम था."

"मग हा धूर कुणाचा?"

"धुकंच आहे ते," ताई म्हणाल्या. "कोण एवढं बघतंय!"

"डॉक्टरांचे कोट कोण इस्त्री करतं, ताई?"

"तीच करते. रोज दारात बघतेच की मी तिला, आणखी भिंतीवर कशाला?"

"मी तिला शब्द दिला होता."

"कुणाला? इस्त्रीवालीला?" ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि सगळ्या हसल्या. हसल्या हो! शिकल्यासवरलेल्या, प्रोफेसर, डॉक्टर, सगळ्या. "आणि रागावतेस कशाला? नाव तर तुझंच ठेवलंय ना खाली? फुकटात जाहिरात झाली. चला गं, करंज्या गार होतायत."

सगळ्या आत गेल्या. माझे गुडघे, मी शेवटी उठले. वीणा तिथेच उभी होती, वाणाच्या टेबलापाशी. टेबलावर स्टीलच्या वाट्या, त्यांना बांधायची लाल रिबीन, कात्री. मी म्हटलं, "चल गं." ती म्हणाली, "काकू, तुम्ही व्हा पुढे."

करंजी अर्धी खाऊन होते न होते तो ताई हॉलमध्ये डोकावल्या आणि दार ओढून घेत परत आल्या. निघताना आम्हाला मागच्या व्हरांड्यातून काढलं. "हॉलमध्ये काच फुटलीय, पायाला लागेल." वीणाच्या चपला दारात नव्हत्या. तिचं वाण तसंच राहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात सोफ्याच्या वरची भिंत मोकळी. कुणी विचारलं की देवयानीताई सुस्कारा सोडत, "जाऊ दे, आपलीच पोर आहे. पोलिसात का जायचंय?" चोरी हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. ही कला मला या वयातही जमत नाही. बाकीचं सगळं ऐकणाऱ्यांनीच केलं. मंडळाचे सेक्रेटरी यतीनराव वीणाला फोनवर म्हणाले, "या वर्षी स्टॉलला जागा जरा कमी आहे." तीन-तीन साडीवाल्यांना जागा होती.

मी खरडला गेले. चार मजले चढले. "खरं काय ते सांग."

"काकू, तुम्हाला सांगितलं म्हणजे चंदीगडापासून पंचकुल्यापर्यंत अख्ख्या ट्रायसिटीला सांगितलं."

"म्हणूनच तर सांग, बये!"

"मी का सांगू? त्यांना माहीत आहे ना, त्यांनी सांगावं." आणि पट्टी घेऊन खिडकीत गेली. राजराणीच छापत होती, मोठ्या कागदावर. कुणी मागितलेली नसताना. प्रसन्न हळूच म्हणाला, "ही आता त्या रस्त्याने जात नाही. फेरा घालून जाते. राजराणीने विचारलं, कोठी में टँग गई क्या, तर काय सांगायचं?"

ते ऐकून मी थेट देवयानीताईंकडे गेले. चहा घेतला, गुडघ्यांचं गाऱ्हाणं गायलं, आणि बाथरूमला जाते म्हणून उठले. म्हातारीला कोण अडवतं? बाथरूमच्या शेजारी त्यांची पाहुण्यांची खोली आहे. मी त्या खोलीत गेले.

वीणाने फोटो चोरला नाही. तो त्या खोलीत कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. खालचा कोपरा कात्रीने कापलेला आहे, जिथे तिचं नाव होतं तेवढाच. तिने तेवढंच नेलं.