लग्नसराईतलं बाळसं

कोलशेतला आमच्या घरामागे डुकरं होती आणि घरात आई होती, त्यामुळे उपाशी कोणी राहत नसे. आई वाढताना कुणाचं 'पुरे' ऐकायची नाही. पाहुण्याला उठताना भिंत धरावी लागली, की तिला बरं वाटायचं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डुकरिणीची पिल्लं दूध तोडायला आली, ती ऐन लग्नसराईत. लग्नाच्या हॉलमधलं उरलंसुरलं जेवण वडील सायकलवरून डबे भरभरून आणायचे. आईने पिल्लांना एका दिवसात डुकरिणीपासून तोडलं आणि थेट पंगतीला बसवलं. पुरी, बासुंदी, बुंदी. त्यातलं एक गुबगुबीत पिल्लू तिचं फार लाडकं. आम्हा भावंडांना तिने इतक्या कौतुकाने कधी न्याहाळलं नव्हतं.

काही दिवसांत लाडक्याच्या पापण्या टम्म फुगल्या. बाळसं धरलंय, असं म्हणून आई शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवायची. मग ते झोकांड्या खायला लागलं, आवाज घोगरा झाला. वडिलांनी सरळ शेजारच्या काकांवर आळ घेतला, की यानेच पिल्लाला पाजली. काका स्वतःच झोकांड्या खात होते, पण फार दुखावले. "दादा, मला पुरत नाय, नि मी डुकराला देऊ?"

हे वडिलांना पटलं. ते गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. काय खायला घालता, असं विचारल्यावर आईने अभिमानाने अख्खा मेनू सांगितला. डॉक्टर म्हणाले, दूध एकदम तोडून असं जड खाणं घातलं, की आतड्यातले जंतू माजतात. त्यांचं विष रक्तात जातं, पापण्यांत आणि मेंदूत पाणी धरतं. जे जास्त खातं, तेच आधी जातं. लाडक्याला त्यांनी सुई टोचली, बाकीच्यांना पाण्यातून औषध दिलं. खाणं बंद, नंतर थोडा थोडा कोंडा.

"बाई, हे बाळसं नाही, सूज आहे."

पिल्लं ओरडत होती आणि आई कानावर हात ठेवून दाराशी बसली होती. उपाशी जिवांसमोर चूल कशी पेटवायची, म्हणून आम्हालाही काही मिळालं नाही. वडील मोरीत उभ्याने पाव खाताना सापडले.

लाडकं संध्याकाळी गेलं. बाकीची वाचली, आणि त्यात सगळ्यात टुणटुणीत ते मरतुकडं, ज्याला बासुंदीपर्यंत कधी पोचताच आलं नव्हतं. "माझ्या हातचं खाऊन मेलं ते," आई म्हणाली. मला रडू आलं, पिल्लासाठी नाही, तिच्यासाठी.

मग चूल पेटली. दोन भाकऱ्या संपवून मी नेहमीसारखं तिसरीसाठी ताट पुढे केलं. आईने माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, पापण्या निरखून पाहिल्या आणि भाकऱ्यांवर फडकं टाकलं.

"पुरे आता," ती म्हणाली.