वाळवणातली काडतुसं

माझ्या मनात शंकेची पाल जरा लवकरच चुकचुकते. दूधवाला चार दिवस गोड बोलला की मी दुधात बोट घालून बघते. शाळेत मास्तरीण होते, तिथं हा स्वभाव कामी आला. घरी मात्र आई म्हणायची, "तू पोलिसात काहून नाई गेली वं?" अशा मला, पंचविशी ओलांडलेल्या बिनलग्नाच्या मुलीला, एका उन्हाळ्यात खुद्द वडिलांवरच पाळत ठेवावी लागली.

बाबा नागपुरात सदरमधल्या एका बंदुकीच्या दुकानात कामाला होते. सारा जन्म त्यांचा त्या काउंटरमागे गेला. गिऱ्हाईक यायचं, बारा बोअरची बंदूक मागायचं, आणि बाबा त्याच्यापुढे सोळा बोअरची ठेवायचे. "हातात घेऊन तं पहा," म्हणायचे. ती बाराहून बारीक नळीची, म्हणून हलकी, खांद्याला धक्का कमी, आणि तितर-लावे पाडायला तिचे छर्रे पुरून उरतात, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक ती खांद्याला लावायचं, वा वा करायचं आणि शेवटी विचारायचं, "पण काका, याचं काडतूस आमच्या गावाकडं भेटते का?"

नाहीच भेटत. बाराचं काडतूस कुठंही मिळायचं, कारण लोकांकडे बंदुका बाराच्या. आणि बंदुका बाराच्या का, तर काडतूस बाराचं मिळतं म्हणून! बाबांचं डोकं फिरायचं. "सारे एकामागं एक जाऊन राहिले, मेंढरावानी," घरी येऊन पाय धुता धुता ते म्हणायचे. स्वतः मात्र रीतसर परवाना काढून त्यांनी सोळाचीच घेतली. तिने त्यांनी किती तितर पाडले देव जाणे, आमच्या घरी तरी एकही आला नाही.

पुढे शिकारबंदीचा कायदा आला. दुकानात माशा घोंगावू लागल्या आणि मालकाने पावसाळ्याच्या तोंडावर दुकान बंद करायचं ठरवलं. बंदुका दुसऱ्या दुकानदारांनी उचलल्या, बाराची काडतुसंही उचलली. सोळाची काडतुसं तेवढी कोणी घेईना. शेवटच्या दिवशी बाबांनी आपल्या परवान्यावर त्यांतला एक खोका घेतला आणि धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरी आणला. "एका घरी तरी राहू दे," म्हणाले आणि खोका कपाटात ठेवला.

त्यानंतर हा माणूस जणू बोलायचंच विसरला. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. ताटात भाजी तशीच राहायची. एकदा आई चहाचा कप देत होती, तर कपाकडे बघतच म्हणाले, "आता माझं काय काम राहिलं?" आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. कोपऱ्यात बंदूक, कपाटात काडतुसं आणि घरात असं बोलणारा माणूस! बाबा स्वतःचं काही बरंवाईट करून घेतील, ही आमची भीती. आम्ही दोघींनी ती एकमेकींजवळसुद्धा बोलून दाखवली नाही. बंदूक ठाण्यात जमा करून टाका, असं मी एकदाच सुचवलं. बाबांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की पुन्हा ब्र काढायची हिंमत झाली नाही.

पावसाळा, हिवाळा कसाबसा गेला आणि मे महिना आला. त्या काळी काडतुसाचं नळकांडं पुठ्ठ्याचं असे. हवेतल्या ओलीने ते फुगतं आणि मग बंदुकीत शिरतच नाही, म्हणून त्याला दर उन्हाळ्यात ऊन दाखवायचं. आमच्या गच्चीवर एका धोतरावर आईच्या कुरडया आणि शेजारी वर्तमानपत्रावर बाबांची काडतुसं, हे दृश्य मी लहानपणापासून पाहिलेलं. पण तेव्हा शिकार होती. आता शिकार नाही, दुकान नाही, मग ही काडतुसं कोरडी ठेवायची ती कशासाठी? मला काही ते सरळ वाटेना.

शाळेला सुट्टी होती. कुरडया राखायचं निमित्त करून मी वर जाऊन बसले. बाबा एकेक काडतूस उलटवत होते. मधेच त्यांनी एक उचललं, तळहातावर ठेवलं आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. हात किंचित वरखाली करत होते. मग ते कानाशी नेऊन हलवलं. मी हातातली काठी खाली ठेवली. आणि तेवढ्यात त्यांनी कागदावर फुंकर मारली. कागदावर काहीतरी भुगा पडला होता. दारू म्हणावी तर ती काळी, हा तर पांढुरका. मी पुढे सरकले तशी त्यांनी काडतुसं भराभर खोक्यात भरली आणि कागद चुरगळून मुठीत धरला.

"काय आहे ते, बाबा?"

"काई नाई. धूळ."

धूळ म्हणे! काडतुसं उघडून हे आत काहीतरी करताहेत, असं माझ्या मनाने घेतलं. त्या दिवसापासून मी डोळ्यात तेल घालून बसू लागले. ते कपाटाजवळ गेले की मला स्वयंपाकघरात हमखास काहीतरी विसरायचं आणि मी मधल्या खोलीतून ये-जा करायची.

अशीच एका दुपारी मधल्या खोलीत बसले होते. बाहेरून भट्टीसारखी गरम हवा येत होती. एरवी असल्या हवेत आमचा दाराचा पडदा पार छताला जाऊन लागायचा. आज मात्र तो गपगुमान लोंबत होता. बाप्पा, याला काय झालं? मी उठून हात लावला. खालचा काठ जड लागला. चाचपला तर शिवणीत बारीक बारीक टणक मणी. दोन टाके उसवले आणि हातावर शिशाचे छर्रे आले.

मी तडक आईकडे गेले. ती भाकरी थापत होती. मी मूठ उघडून तिच्या पुढ्यात धरली. तिने आधी बाहेर नजर टाकली, बाबा खाटेवर झोपलेले दिसले, मग हळूच म्हणाली, "टाके काहून उसवले वं? चांगले शिवले होते मी."

"आई, हे काय आहे?"

"काय आहे म्हंजे? त्याईनं तसलं बोलल्यावर मी हातावर हात ठेवून बसू का?" तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "पोळ्याच्या दिवशी हे देवळात गेले होते, तवा सारी रिकामी केली. वरची पुठ्ठ्याची चकती सुईनं उचलली. काळी दारू मोरीत ओतली, वरून बादलीभर पाणी. माय वं, काय भेव लागत होतं मले! छर्रे कुठं फेकू, कोनाले दिसतीन, म्हणून पडद्यात शिवले."

"आणि काडतुसांत काय भरलं?"

"ज्वारी. अन् चकत्या खळीनं चिकटवल्या. पाहून कोनाले समजते का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. माझ्या आईने बंदुकीची काडतुसं ज्वारीने भरली होती, बरणी भरावी तशी. पण हसू जिरायच्या आत पाल पुन्हा चुकचुकली. तो पांढुरका भुगा धूळ नव्हती. ज्वारीला सोंडे लागले होते, ते आतून कोरत होते आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून पीठ बाहेर येत होतं. ते बाबांनी पाहिलं होतं. आणि ज्या माणसाने जन्मभर काडतुसं हाताळली, त्याला शिसं आणि ज्वारी यांच्या वजनातला फरक कळू नये? मग बोलत का नाहीत? दुसरीकडून काडतुसं आणायचा विचार आहे की काय? आईला यातलं मी एक अक्षर सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला ते चावलं आणि नाल्याजवळच्या भिंतीच्या आडोशाला जाऊन बसलं. माणसं काठ्या घेऊन लांब उभी. चारपाच जण धावत आमच्या दारात आले. "काका, बंदूक काढा! लवकर!"

मी आणि आई आतल्या दारात खिळल्यासारख्या उभ्या राहिलो. आता बाबा खोका उघडणार, बंदूक भरणार आणि साऱ्या गल्लीसमोर तिच्यातून ज्वारी सांडणार. आईचं बिंग फुटणार, आणि बाबांना बायकोने काय समजलं होतं, हेही चारचौघांत कळणार.

बाबा उठले. कपाटाकडे बघितलं. मग आईकडे बघितलं, चांगलं नीट बघितलं, आणि दारातल्या लोकांना म्हणाले, "माझी काडतुसं सर्दावली गा. चालाची नाई."

मे महिना! नागपुरात ओठ फुटत होते, घडे तासाभरात आटत होते आणि म्हणे काडतुसं सर्दावली. एक जण चिडून बोललाच, "सोळाची बंदूक ठेवून हेच होते, काका. बारा असती तं आत्ता कोनाहीकडून काडतूस आणलं असतं. शोभेची आहे तुमची!"

ज्या शब्दासाठी बाबा एरवी त्याच्या अंगावर धावून गेले असते, तो शब्द त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतला. "खरं आहे," एवढंच म्हणाले. कुत्र्याला शेवटी लोकांनी जाळं टाकून धरलं.

संध्याकाळी आई चुलीपुढे होती, मी भाजी चिरत होते. बाबा आत आले, पाट ओढून बसले. इतक्या महिन्यांत ते स्वयंपाकघरात आपणहून आलेच नव्हते.

"दिवाळीच्या पाडव्याले," ते चुलीकडे बघत म्हणाले, "तुमी दोघी वाण्याकडं गेल्या होत्या. मी खोका काढला होता. बंदूक मांडीवर घेतली होती."

आईच्या हातातली भाकरी परातीत पडली.

"काडतूस उचललं, तं हलकं लागलं. दुसरं उचललं, तेई हलकं. मंग समजलं." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "मले वाटलं होतं, घरात कोनाचं लक्षच नाई माझ्याकडं."

आई पदर तोंडावर घेऊन हमसून हमसून रडू लागली. मीही रडले, लाज कशाची? रडणं ओसरल्यावर बाबांनी ताट स्वतःच पुढे ओढलं.

"ज्वारी बदलून टाकजो वं त्यातली," आईला म्हणाले. "सोंडे लागले. अन् या खेपेस कडुलिंबाचा पाला टाकजो. वाढ आता, भूक लागली."