परत फिरणारं विमान

गेल्या हिवाळ्यात माझा नवरा साठलेली रजा घेऊन सांगलीला आला, तेव्हा विमान चालवणं सोडायचं त्याच्या मनात होतं. तो प्रवासी विमानाचा वैमानिक आहे. विश्रामबागेत आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक कॉलेज आहे. तिथे विमानसेवेचा नवा अभ्यासक्रम सुरू होणार होता आणि शिकवायला त्याला बोलावलं होतं. रजा संपायच्या आत होय किंवा नाही कळवायचं होतं. त्याने होय म्हणावं अशी माझी इच्छा होती. हे आधीच नोंदवते, कारण पुढचं सगळं त्या इच्छेला धरून आहे.

मी एका दैनिकाच्या सांगली आवृत्तीत उपसंपादक आहे. लग्नापासून आजवर आम्ही एका घरात सलग महिनाभर क्वचितच राहिलो. तो घरी असला की माझी कामाची पाळी असते आणि मला सुट्टी असली की तो कुठल्या तरी शहरात हॉटेलात असतो. आमच्यात भांडण नव्हतं. फोन रोज व्हायचा. त्यात गॅसचा नंबर, पाण्याची टाकी, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीचं वेळापत्रक एवढं यायचं. मुलगी गेल्यानंतर मी जेवणाच्या टेबलाची एक बाजू वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांसाठी वापरायला लागले होते. तो आला त्या दिवशी गठ्ठे उचलून खाली ठेवले.

त्याला काय झालं होतं, हे त्याला नीट सांगता येत नव्हतं. आजार नव्हता, भीती नव्हती. एकदा म्हणाला, "मी चालवत नाही. यंत्र चालवतं, मी लक्ष ठेवतो." माझ्याकडे त्याहून साधा पुरावा होता. पूर्वी आकाशात विमानाचा आवाज आला की तो हातातलं काम टाकून गच्चीवर जायचा आणि कुठून कुठे चाललंय ते सांगायचा. माझ्या सासूबाई याला वेड म्हणायच्या. या खेपेला आवाज आला तरी त्याने भाजी चिरणं थांबवलं नाही. त्याने वर बघितलं नाही, हे मी पाहिलं.

त्याच्याबरोबरच्या काही जणांनी आपापले उपाय शोधले होते. एक जण सुट्टीत पॅराग्लायडिंग करायचा. एकीने गच्चीवर कबुतरं पाळली होती. माझा नवरा त्यांची थट्टा करायचा की हलवायाने घरी जाऊन पुन्हा पेढेच वळावेत तशी ही माणसं. त्यातल्याच एका सहकाऱ्याने स्वतःचं जुनं खेळातलं विमान त्याला रजेवर निघताना जबरदस्तीने दिलं होतं. माझ्या पसरलेल्या हातांपेक्षा थोडं लांब, फोमचं, वजनाला हलकं. नाकावर छोटी मोटर होती, ती फक्त उंचीवर नेण्यापुरती. मग ती बंद करायची आणि विमान वाऱ्यावर तरंगत ठेवायचं. हातात दोन काठ्यांचा रिमोट. खोकं पहिले काही दिवस कपाटावर पडून राहिलं. शेवटी रिकामं बसून कंटाळला म्हणून त्याने ते खाली काढलं.

पलूसजवळ त्याच्या घरची शेती आहे. ती त्याचा धाकटा भाऊ बघतो. माझा हा दीर सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि तेव्हापासून ऊस करतो. एका तुकड्यातला ऊस नुकताच तुटून गेला होता, त्यामुळे मोकळं रान होतं. आम्ही तिथे गेलो. विमान फेकायचं काम माझ्याकडे आलं. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, नाक आडवं ठेवायचं आणि जोर न लावता सोडायचं.

पहिलं उड्डाण पाहून मला वाटलं, हा माणूस कशातही चुकणं शक्य नाही. विमान सरळ रेषेत चढलं. त्याने मोटर बंद केली, डावीकडे वळण घेतलं, ते इतकं संथ होतं की बांधावर बसलेला दीरही उठून बघायला लागला. मग विमान आमच्याकडे फिरलं. उजवा पंख जरासा कलला. तो सावरायला गेला आणि पंख आणखी कलला. त्याने आणखी जोर केला. विमान कडेच्या उभ्या उसात शिरलं.

ते शोधायला आम्ही तिघं उसात घुसलो. उसाची पात हाताला कापते, त्यामुळे बाह्या खाली ओढून चालावं लागतं. विमान मिळालं तेव्हा पंखाला चीर गेली होती.

"दोनशे माणसं घिऊन उतरतोस म्हंत्यात," दीर म्हणाला, "आन हे एवढंसं उतरंना व्हय रं दादा तुला?"

"ते आत बसून उतरवायचं असतं. हे बाहेरून."

"मग बस की आत."

नवरा हसला. मोठ्याने नव्हे, पण या रजेत पहिल्यांदाच. मी ते लक्षात ठेवलं.

पंख खराट्याच्या काड्या आणि गोंद लावून सांधला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि विमान पुन्हा पडलं. तिसऱ्या वेळी ते विहिरीच्या कठड्यावर आपटलं. दीर दर वेळी नवीन टोमणा तयार ठेवायचा. वहिनी, ह्येला उतरवायचं सोडा, गोफणीनं पाडलं तर लवकर यील, असं त्याने मला गंभीर चेहऱ्याने सुचवलं. नवरा चिडत नव्हता. रोज सकाळी तो दुरुस्ती करायचा आणि दुपारी आम्ही निघायचो. त्यासाठी मी कार्यालयातून रात्रीच्या पाळ्या बदलून घेतल्या. इतक्या वर्षांत आम्ही एवढा वेळ एकत्र गाडीत कधी बसलो नव्हतो.

त्याची चूक एकाच जागी होते, हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं. विमान त्याच्यापासून दूर जात असलं की तो अचूक होता. ते परत त्याच्याकडे यायला लागलं की चुकायचा. कारण साधं होतं. तोंड आपल्याकडे असलेल्या विमानाचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. खेळ शिकणाऱ्या लहान मुलाला हे चार दिवसांत जमत असेल. पण हा इतकी वर्षं विमानाच्या आत, पुढे तोंड करून बसला होता. त्याचं शरीर अजून आतच बसलं होतं.

परतताना रस्ता बरा म्हणून आम्ही तासगावकडून आलो. बेदाण्याच्या शेड अजून रिकाम्या होत्या, नुसत्या जाळ्या आणि खांब. एका टपरीवर चहाला थांबलो. मी तळहात आडवा धरला, बोटं त्याच्या छातीकडे केली, म्हणजे माझा हात हे त्याच्याकडे येणारं विमान झालं. मग हात एका बाजूला कलता केला.

"डावं-उजवं म्हणूच नकोस," मी म्हटलं. "जो पंख खाली गेलाय, काठी तिकडे ढकल. खाली टेकू दिल्यासारखी."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि हवेत अंगठा हलवून पाहिला. मी पुन्हा हात कलता केला, दुसरीकडे. तो पुन्हा बरोबर. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. तुला हे कुठून कळलं, असं नवऱ्याने विचारलं. मी सांगितलं की मी नोकरीला लागले तेव्हा छपाईआधी पान बटर पेपरवर उलटं निघायचं आणि शेवटची नजर त्या उलट्या पानावरूनच टाकायला लागायची. अक्षर मनात सुलटं करून वाचायला गेलं की चुका सुटतात. उलट्यातच चूक ओळखायला शिकावं लागतं. त्याला ही गोष्ट माहीत नव्हती. मी कधी सांगितली नसेल.

हे मी त्याला विमान पडू नये म्हणून सांगितलं. त्याचा पुढे काय परिणाम होईल, याचा विचार त्या टपरीवर माझ्या मनात आला नाही.

त्यानंतर विमान पडलं नाही. पलूसच्या रानात ते परत येऊन त्याच्या पायाशी उतरायला लागलं. दिराने शेजारच्या शेतकऱ्यांना बोलावून दाखवलं, जणू त्यानेच शिकवलं होतं. मग नवऱ्याला मोटरचाही कंटाळा आला. त्याला डोंगराची कड हवी होती. वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्यावर मोटर न लावता विमान राहतं, असं त्याने वाचलं होतं. रजेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही साताऱ्याला गेलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती.

साताऱ्याच्या वरच्या अंगाला एका पठाराच्या कडेशी गाडी लावली. गवत वाळून पिवळं झालं होतं. दुपारपर्यंत वारा पडलेला होता, मग तो खालून यायला लागला. मी विमान कड्यावरून सोडलं. विमान आधी खाली गेलं, दिसेनासं झालं आणि मग आमच्या पायांच्या पातळीवरून वर आलं.

ते बराच वेळ वर होतं. मोटर बंद असल्यामुळे आवाज नव्हता. कडेने एक घार आली, दोन फेऱ्या विमानाबरोबर घालून निघून गेली. नवरा आधी उभा होता, मग मांडी घालून गवतात बसला. त्याचे अंगठे जेमतेम हलत होते. मी दशमी पुढे केली तर त्याने हात मोकळा न करता तोंड उघडलं. मी घास भरवला. लग्नातल्या घासानंतर हा दुसरा असावा.

मग खूप उंचावरून एक मोठं विमान गेलं. मागे पांढरी रेघ होती. त्याने वर बघितलं. कुठून कुठे चाललंय ते सांगितलं आणि म्हणाला की आता थोड्या वेळात ते खाली यायला सुरुवात करेल. मला त्या क्षणी उत्तर कळलं. पुढचं बोलणं फक्त त्याची खातरजमा होती.

"हवा चांगली असली की शेवटचं उतरणं स्वतः हाताने करायची मुभा असते," तो म्हणाला. "मीच घेत नव्हतो."

"का?"

"कंटाळा. यंत्र करतंय तर करू दे."

"आणि आता?"

"आता घेईन म्हणतो."

कॉलेजला काय कळवायचं, असं मी विचारलं.

"तू नको म्हणालीस तर विमानावर परत नाही जाणार," तो म्हणाला.

"माझ्यावर ढकलू नकोस. तुझं उत्तर तू दे."

विमान तेव्हा दूर दरीवर होतं. त्याने ते वळवलं. ते आमच्याकडे यायला लागलं, डावा पंख थोडा खाली. त्याने काठी तिकडे ढकलली, पंख वर आला. विमान माझ्या उजव्या बाजूला गवतात घसरत येऊन थांबलं.

"मग जातो," तो म्हणाला.

मी विमान उचललं आणि त्याच्या पोटाला चिकटलेली कुसळं काढली. खाली उतरताना घाटात त्याने रेडिओ लावला. लागलेलं गाणं त्याला येत होतं, तो बरोबर गुणगुणत होता.

कॉलेजला नकार त्याने स्वतः फोन करून कळवला, नीट, आभार मानून. रजा संपली तशी मी त्याला पुण्याच्या गाडीवर सोडलं. विमान त्याने घरीच ठेवलं. पंख काढून, जुन्या चादरीत गुंडाळून, मुलीच्या खोलीत. पुढच्या रजेत पुन्हा साताऱ्याला जायचं असं ठरलं आहे.

फोन अजून रोज येतो. त्यात बदल झाला आहे. गॅस आणि टाकीच्या आधी आता उतरणं येतं. आडवा वारा कसा होता, चाकं किती हळू टेकली, सहवैमानिक काय म्हणाला. आवाजावरून तो उभा राहून बोलतो आहे हे कळतं. मी ऐकते आणि मधे प्रश्न विचारते. प्रश्न विचारणं हा माझा व्यवसाय आहे. त्याला बरं वाटतंय याबद्दल मला शंका नाही. टेबलावरचे गठ्ठे मी काही दिवस खालीच ठेवले होते, मग परत वर ठेवले.

पावसाळ्याच्या तोंडावर कॉलेजच्या अभ्यासक्रमाच्या उद्घाटनाची बातमी माझ्याच टेबलावर आली. दिवसाची पाळी होती. बातमीदाराने ती लांब लिहिली होती. मी ती कापून एका स्तंभाची केली. पाहुणे कोण, अध्यक्ष कोण, शिकवायला कोण येणार, ते सगळं ठेवलं. नावं तपासली. शीर्षक दिलं. शिकवायला येणारे गृहस्थ नाशिकचे होते, सहकुटुंब सांगलीत राहायला आले होते. ते वाक्य बातमीला आवश्यक नव्हतं. काढलं.

घरी येऊन विमानाची बॅटरी बघितली. हे काम महिन्यातून एकदा करायला त्याने मला सांगितलं आहे. वापरात नसलेली बॅटरी पूर्ण भरून ठेवली तर खराब होते, रिकामी ठेवली तरी होते. ती अर्धी ठेवायची असते. मी ती चार्जरला लावली, मुलीच्या पलंगावर बसून राहिले आणि अर्धी झाली तेव्हा काढली.