अणूचं खाजं

मसुऱ्याच्या घरी मी अणू दाखवणारं सूक्ष्मदर्शक बांधायला घेतलं, तेव्हा पहिला बळी गेला आईच्या पाट्याचा. या यंत्राला हादरा सोसत नाही, म्हणून तो जड पाटा सायकलच्या ट्यूबांनी वाशाला टांगला आणि यंत्र त्यावर बसवलं. आईने वाटपासाठी मिक्सर लावला की मी ओरडायचो. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, असं ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

खटाटोप होता तो बाबांसाठी. त्यांनी चाळीस वर्षं हायस्कुलात फळ्यावर खडूचे गोळे काढून अणू शिकवला. दरवर्षी एखादा पोरगा विचारायचाच, "गुर्जी, तुमी बघल्यात?" बाबा त्याला दम देऊन खाली बसवत. ऐंशी उलटली तरी तो प्रश्न त्यांना टोचतो, हे मला ठाऊक होतं.

"सुयेन बघतत? मगे डोळे कित्याक?" यंत्र पाहून त्यांनी विचारलं.

मी समजावलं. तारेचं टोक कात्रीने तिरकं कापायचं, तीच सुई, आणि ग्रॅफाइटला न टेकवता इतकं जवळ न्यायचं की मधल्या फटीतून थोडी वीज पलीकडे निसटते. अंतर जरा वाढलं की ती एकदम घटते. ती सारखी राहावी म्हणून सुई खाली-वर होते, आणि त्या खाली-वर होण्याचा नकाशा म्हणजे चित्र. बाबांनी मान डोलावली. पटलं नाही की ते अशीच डोलावतात.

मग एका रविवारी पडद्यावर रांगा उमटल्या. सरळ, सारख्या अंतरावर, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. मी नाचायचा तेवढा बाकी होतो. बाबांनी तडक जत्रेत मिळतं तसलं गुळात घोळलेलं खाजं आणवलं आणि अख्ख्या वाडीत वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी सुईचा वेग निम्मा केला आणि रांगा दुप्पट झाल्या. अणू काही गणपतीला आलेले पाहुणे नव्हेत, थोडं थांबलं की वाढायला. ती घरातल्या विजेची गुणगुण होती, तारांतून चित्रात शिरलेली. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी बाबांच्या समोर जेवायला बसलो नाही.

शेवटी सांगितलं. "बाबानू, ते अणू न्हय."

"मगे वाटलेला खाजा परत मागूक जांव काय?" ते म्हणाले आणि हसले. पण त्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत.

पुढच्या रविवारी मी मेन स्विच बंद केला आणि सगळं बॅटरीवर चालवलं. आई पंख्याविना घामाघूम होऊन ओट्यावर बसली. पडद्यावर आले ते अर्धवट शिजलेल्या साबुदाण्यासारखे गोळे, तेही एका बाजूला कललेले. पहिलं चित्र याहून कितीतरी देखणं होतं.

"वेग बदल," बाबा म्हणाले.

बदलला. गोळे तेवढेच राहिले. "परत बदल." पुन्हा तेवढेच.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "म्हंजे पोरांक मी खोटा सांगूक नाय."